बोटांच्या बेचक्यात

११ जानेवारी १९३७, सोमवार. मस्तगड, जालना

आत्याला वाचता येत नाही, तरी ही वही मी कणगीमागं ठेवणार आहे. ज्यांना वाचता येत नाही ते दुसऱ्याकडून वाचून घेतात.

औरंगाबादचं कॉलेजचं बोर्डिंग सोडून सहा दिवस झाले. लोक म्हणतील काढलं, मी म्हणतो मी सोडलं. खरं कारण इथं लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणाला फिरवता येणार नाही. सुपरिंटेंडेंटनं सकाळी सगळ्यांना व्हरांड्यात रांगेत उभं केलं. म्हणाला, हात पुढं करा. उलटे, सुलटे, बोटं फाकवून. बाजारात बैलाचे दात बघतात तसा एकेकाचा हात धरून बघत चालला होता. माझ्याजवळ आला तेव्हा मी दोन्ही हात पाठीमागं घेतले. म्हणालो, मी इथं शिकायला आलोय, तपासून घ्यायला नाही. तो म्हणाला, मग अंथरूण उचल. मी उचललं, रजई उचलली, पुस्तकं उचलली आणि मोटारस्टँड गाठला.

माझ्या खोलीतला काकासाहेब अर्धा हिवाळा माझ्याच रजईत झोपला. हात पुढं करण्यात पहिला तोच. बदल्यात त्याला त्याच दिवशी स्वतंत्र खोली मिळाली. यावरून काय ते समजावं.

वडिलांची, अण्णांची, चिठ्ठी गावाकडून, जांबहून आली आहे की शिकणं झालं असेल तर नांगर धरायला ये. आत्या म्हणते राहा इथंच. आत्या एवढी सहज का म्हणाली, ते कळत नाही.

जालन्याचं पाणी जड आहे. रात्री अंगाला खाज सुटते. औरंगाबादलाही सुटत होती, म्हणजे तिथलं पाणीही जडच असणार.

१९ जानेवारी, मंगळवार

समोरच्या रामरावकाकांनी शिकवणी दिली. त्यांचे दोन धाकटे मुलगे आणि नंदा, तिघांना अक्षरओळख करून द्यायची. नंदा अठराची. आई गेल्यापासून घर तिच्या अंगावर आणि दोन्ही भाऊ तिनंच वाढवले, म्हणून लग्न राहिलं. गल्लीतल्या बायका त्यावर बोलतात. मी बोलत नाही. मी तीन वर्षं सुट्टीत आत्याकडं आलो की त्या दाराकडं बघतोय, हे कुणाला माहीत नाही.

ओसरीवर गारठा होता म्हणून माझी रजई घडी करून चौघांना खाली घातली. पाटीवर मी अक्षर काढतो, मंग एकेकाचा हात धरून गिरवून घेतो. पोरांना दोनदा पुरतं. नंदाला ‘श’ येईना. बराच वेळ गिरवला.

एकच माणूस मधी आला. बिरू म्हणून त्यांचा मेंढरंवाला आहे. त्याची मेंढरं रामरावकाकांच्या अंतरवालीच्या शेतात खतासाठी बसतात, आणि तो दूध घेऊन आला की ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडी टाकून पडतो. मी निघताना म्हणाला, “मालक, हात दावा बरं जरा.” मी म्हणालो, तू ज्योतिषी कधीपासून झाला? तर म्हणतो, “तसं न्हाई. नवं मेंढरू आलं का आमी लोकर फाकवून बघतो. बेचक्यात काही दिसलं तर चार दिस येगळं बांधतो.”

नंदाच्या देखत मला मेंढरू म्हणाला. हे मी विसरणार नाही.

३१ जानेवारी, रविवार

आत्यानं करंजाचं तेल तापवून आणलं, म्हणाली अंगाला चोळून घे, नखं काप आणि कपडे उकळायला टाक, सगळं खाजवून लाल केलंस. मी म्हणालो रक्त गरम आहे, आमच्या वयात असतंच. ती म्हणाली, “रक्ताला नखं असतेत का?” बायकांशी वाद घालू नये. तेल दिव्यात घातलं.

१४ फेब्रुवारी, रविवार

आज ‘नंदा’ हे नाव तिनं पूर्ण लिहिलं. हात माझा होता, पण जोर तिचा होता. हे मला बराबर कळलं. लिहून झाल्यावरसुद्धा तिनं हात लगेच काढला नाही. मी मोजलं नाही, पण धाकट्यानं दहापर्यंतचे आकडे म्हणून संपवले होते.

अक्षय्य तृतीयेच्या आत रामरावकाकांना विचारायचं. त्याच्या आत काही काम बघायला पाहिजे. काम म्हटलं की अंगाची आग होते.

२२ फेब्रुवारी, सोमवार

काहीतरी बदललं आहे. नंदा हात पदराखाली ठेवते. पाटी घ्यायची तेव्हा दोन बोटं बाहेर काढते आणि घेतली की परत आत. अंगठी आहे. दुसरं काय असणार? कुणीतरी अंगठी घातली आहे आणि ती माझ्यापासून लपवून राह्यली आहे.

पोरांकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला. थोरला म्हणाला, ताई रात्री रडते. मी विचारलं कामून? तो खांदा खाजवत बसला. पोरांना शिकवून ठेवलंय.

१ मार्च, सोमवार

आज ती म्हणाली, आता हात धरू नका, माझं मी काढते. मी विचारलं, माझं काही चुकलं का? तिनं बराच वेळ पाटी पुसली. मंग हळूच म्हणाली, “तुमच्या हाताला हे कधीपासून हाय?”

मी म्हणालो शाईनं होतं, शिकणाऱ्या माणसाला असतंच.

“दवाखान्यात दाखवा,” म्हणाली. “राधाकिसन बघतो.”

आलं नाव. एवढे दिवस पदराखाली होतं ते बाहेर आलं. राधाकिसन म्हणजे दवाखान्यात मलमं घोटणारा कंपाउंडर. पांढरा सदरा घालून सायकलवर हिंडतो. त्याचं नाव हिच्या तोंडात इतकं सहज कसं?

पोरांना पाढे पाठ करायला लावले आणि निघून आलो.

५ मार्च, शुक्रवार

जुम्मा, सरकारी सुट्टीचा वार. म्हणजे राधाकिसन मोकळा. मी सकाळपासून आत्याच्या माळवदावर होतो, वाळवणं राखायच्या निमित्तानं. नऊच्या सुमारास त्याची सायकल समोर लागली. आत अर्धा तास. बाहेर आला तेव्हा नंदा दारापर्यंत आली आणि तो तिला बोटांवर मोजून काहीतरी सांगत होता. एक, दोन, तीन. तिसऱ्या बोटाला तिनं मान डोलावली. तीन काय? तीन दिवस? तीन आठवडे?

दुपारी मी पुस्तक विसरल्याच्या निमित्तानं गेलो. नंदाच्या जवळून काडेपेटीसारखा, जळका वास आला. राधाकिसन आगपेटी खिशात ठेवतो, मी बघितलंय. वास लागेपर्यंत जवळ बसायचं म्हणजे काय ते.

आत्याकडून आणखी कळलं ते असं की राधाकिसन हा बिरूच्या बहिणीचा मुलगा. मामा ओसरीवर, भाचा माजघरात. आता सगळं जुळतं. निरोप कोण नेतं-आणतं, हे वेगळं सांगायला नको.

९ मार्च, मंगळवार

आज निकाल लावला. पण मन शांत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

रामरावकाकांनी बोलावून घेतलं. दोन्ही पोरांच्या बोटांमध्ये, मनगटाला, कमरेला बारीक फोड आहेत. राधाकिसनानं बघितलं, म्हणाला खरूज आहे, आणि हे बाहेरून आलेलं आहे. काकांच्या घरात असलं कधी झालं नव्हतं. खाली मान घालून बसले होते, जणू चोरी झाली. मला म्हणाले, “धर्मा, तू शिकलेला हाईस. हे कुठून आलं असंल?”

नंदा चुलीपाशी होती. तिची पाठ दिसत होती.

मी म्हणालो, “घोंगडी कुणाची पडून असती ओसरीवर? मेंढरांना खरूज होती का न्हाई, ते बिरूलाच विचारा.”

मी काही खोटं बोललो नाही. मेंढरांना होते. त्यानंच सांगितलं होतं.

आत पातेलं पडल्याचा आवाज झाला. नंदा दारात आली आणि माझ्याकडं बघत राहिली. इतका वेळ तिनं माझ्याकडं कधीच बघितलं नव्हतं. मला वाटलं काही बोलेल. तिनं बापाकडं बघितलं आणि हात पदराखाली घेतले.

काकांनी ओसरीवर पडलेल्या बिरूला तिथल्या तिथं सांगितलं की उद्यापासून मेंढरं दुसरीकडं बसव, ओसरीला येऊ नको. बारा वर्षांचं येणं-जाणं होतं म्हणे. बिरूनं घोंगडी झटकली, घडी केली, खांद्यावर टाकली. माझ्यापाशी थांबला आणि माझ्या हातांकडं बघितलं. तोंडाकडं नाही, हातांकडं.

शिकवणी बंद. पोरं बरी होईपर्यंत, काका म्हणाले.

मला आनंद व्हायला पाहिजे होता.

१७ मार्च, बुधवार

समोर काय चाललंय ते क्रमानं टिपून ठेवतो.

सोमवारी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर गेल्या. नुसत्या धुतल्या नाहीत, सोडा घालून उकळल्या. मंगळवारी सगळ्या माळवदावर उन्हात. आज पोतंभर कडुलिंबाचा पाला आला. अंगण सारवलं. मोठा हंडा घासून काढला. न्हाव्यानं घरातल्या सगळ्यांची नखं काढली. धुणंभांडी करणाऱ्या सोनूबाईचीसुद्धा.

फाल्गुन चालू आहे. एवढी तयारी कोणत्या घरात, कशासाठी होते?

आत्याला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “रामरावांनी तुलाबी बोलावलंय शुक्रवारी. मलाबी. म्हणाले सगळ्यांनी एकाच टायमाला या.”

मला बोलावलंय. अक्षता टाकायला. माणसं किती निर्दय असतात, हे कॉलेजात शिकवत नाहीत.

१९ मार्च, शुक्रवार

आजचं आजच लिहितो.

सकाळी माळवदावरून बघितलं. सायकल आलेली. हंड्याखाली जाळ. नंदा न्हाणीतून बाहेर आली. बाह्या वर सरकवलेल्या आणि दोन्ही हात दंडापर्यंत पिवळे. उन्हात चमकत होते.

हळद.

मी खाली कसा उतरलो आठवत नाही. पायात काही नव्हतं. दार ढकललं आणि ओरडलो की हे लगीन होणार न्हाई. दाराशीच वेताच्या चुंबळीवर एक गाडगं होतं, पिवळ्या तेलानं भरलेलं. त्याला लाथ मारली. ते फुटलं आणि सारवलेल्या अंगणात पिवळं वाहत गेलं.

त्याचा वास वर आला. हळदीला असा वास नसतो. तो काडेपेटीसारखा जळका वास होता.

मंग मी अंगणाकडं नीट बघितलं. पाटावर रामरावकाका लंगोट लावून बसलेले, गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पिवळे. शेजारी दोन्ही पोरं पिवळी. सोनूबाई भिंतीआडून डोकावली, तिचा गळा पिवळा. कुणीच हलत नव्हतं. धाकट्याला हसू येत होतं आणि तो तोंड दाबत होता.

“कुणाचं लगीन?” रामरावकाका म्हणाले. “माहं?”

राधाकिसन फुटलेल्या गाडग्याच्या खापऱ्या गोळा करू लागला. माझ्याकडं न बघता म्हणाला, “तीन दिसाचं औषध होतं. सगळ्यांनी संगं लावायचं, एकबी सुटला तर पुन्हा पहिल्यापासून. घोटायला दोन राती गेल्या माह्या.”

मी म्हणालो, मला काय माहीत. तो उठला, हात फडक्याला पुसले आणि माझं मनगट धरलं. मी झटकलं असतं. पण नंदा बघत होती. त्यानं हात उजेडाकडं फिरवला, बोटं फाकवली आणि बेचक्यात बघितलं. एक बेचकं, दुसरं, तिसरं. सुपरिंटेंडेंटनं बघायचं राहिलेलं सगळं त्यानं बघितलं.

“काका,” तो म्हणाला, “पोरांचं महिन्याचं हाय. हे पौषाच्या आधीचं हाय. हे हिकडून तिकडं गेलंय. तिकडून हिकडं आलं न्हाई.”

रामरावकाकांनी माझ्याकडं बघितलं. मंग नुसत्या पोरांच्याच नाही, नंदाच्याही हातांना हे कसं लागलं, हे त्यांच्या मनात येत असावं. तसं त्यांच्या तोंडावर दिसू लागलं. मला ते टाळायचं होतं. तिच्यासाठी म्हणून मी म्हणालो, “मलाबी बिरूकडूनच लागलं. त्याच्या घोंगडीला टेकलो होतो.”

“न्हाई,” नंदा बापाला म्हणाली.

हात पदराखाली नव्हते. दोन्ही पिवळे हात अंगापासून लांब धरून उभी होती, तेल कपड्याला लागू नये म्हणून.

“बिरूमामानं ह्या घरात कुणाच्या अंगाला हात लावला न्हाई. घोंगडीबी त्याची तोच अंथरायचा, तोच उचलायचा. अक्षर गिरवताना माहा हात ह्यांच्या हातात होता, दादा. रोज. पोरांचा दोनदा आन् माहा लई वेळ. मी त्या दिवशीच सांगायला पायजे होतं. मामा घोंगडी उचलून चालला तवा. माह्यानं झालं न्हाई.”

मला वाटलं काका उठून मारतील. ते मुलीकडं बघत राहिले. मंग मला म्हणाले, “बिरूला तू काढायला लावलंस. तूच परत आण. तोवर ह्या उंबऱ्यात पाय टाकू नको.” आणि राधाकिसनाला म्हणाले, “गंधक आजून हाय का?”

दारातून बाहेर पडताना माझी पावलं पिवळी उमटत गेली, थेट आत्याच्या उंबऱ्यापर्यंत. आत्यानं ती पुसली नाहीत.

२० मार्च, शनिवार

जेवलो नाही. राधाकिसनानं हे सगळं मुद्दाम घडवून आणलं, असं सकाळी वाटत होतं. दुपारी तसं वाटेना. संध्याकाळी पुन्हा वाटलं.

२४ मार्च, बुधवार

समोरचं औषध पुन्हा घोटलं गेलं. त्यातलं एक गाडगं आत्याकडं आलं, बरोबर वहीचा फाडलेला कागद. अक्षर वाकडं, ओळ खाली उतरत गेलेली. पण सगळं तिनं एकटीनं लिहिलेलं.

“गळ्याखाली सगळीकडं. तीन दिस लागोपाठ. मधी आंघोळ न्हाई. बेचकं, नखांखाली, कमरंला इसरू नये. चौथ्या दिशी पाला घालून ऊन पाणी. कपडे, पांघरून उकळा. सगुणाआत्याला पण. बरं वाटलं तरी खाज पंधरा दिस राहील, भिऊ नये.”

मी चाळीस वेळा वाचलं. राधाकिसनानं सांगून लिहवलं असणार, हे उघड आहे. औषधाची भाषा त्याचीच आहे. फक्त ‘भिऊ नये’ कोण सांगतं? कंपाउंडर सांगत नाहीत. उजेडाला धरून बघितलं, पाठीमागं काही लिहिलं आहे का. ‘दिशी’मधला ‘श’ मात्र इतका बराबर काढलाय की पुसून पुन्हा काढला असावा.

आत्यानं आणि मी आजपासून लावायला सुरुवात केली. माझ्या पाठीला तिनं लावलं. रजई हंड्यात कोंबताना म्हणाली, “कॉलेजातनं हेच आणलंस व्हय रे.” मी काठीनं रजई आणखी खाली दाबली.

४ एप्रिल, रविवार. अंतरवाली

उकळलेले कपडे घालून पहाटे निघालो, गाडीवाटेनं, थोडं पायी, थोडं कापसाच्या रिकाम्या गाडीत. येताना काय बोलायचं ते चार प्रकारे ठरवलं होतं. पहिल्या तीन प्रकारांत चूक थोडी त्याचीही होती.

बिरूची मेंढरं गावाबाहेरच्या पडीक रानात होती. दुसऱ्या कुणाच्या. तो एका मेंढीला गुडघ्यांमध्ये धरून तिची लोकर फाकवून बघत होता. मी समोर उभा राहिलो. त्यानं मेंढी सोडली नाही.

मी चौथा प्रकार सांगितला. की खरूज माझी होती, बोर्डिंगमधून आली. की मला ते तू सांगितलं होतंस आणि मला राग आला, म्हणून तुझं नाव घेतलं. की नंदानं सगळ्यांसमोर खरं सांगितलं आणि मी तिथंही खोटंच बोललो. रामरावकाका बोलावतात. एवढं एका दमात बोललो आणि मंग बोलायला काही राहिलं नाही.

बिरूनं मेंढीचा कान सोडला, ती कळपात पळाली.

“राधाकिसन बोलला मला,” तो म्हणाला. म्हणजे त्याला आधीच माहीत होतं आणि मला सगळं बोलू दिलं. याचा राग यायला हवा होता. “ती पोरगी कशी हाय?”

बरी आहे म्हणालो. मला तरी कुठं माहीत होतं?

“लई धीर लागतो,” तो म्हणाला. कुणाबद्दल म्हणाला, सांगितलं नाही.

बाभळीखाली घोंगडी अंथरलेली होती. मी बसायला वाकलो तर त्यानं हात आडवा केला.

“दावा.”

मी दोन्ही हात पुढं केले. उलटे, सुलटे, बोटं फाकवून. आजूबाजूला कुणी नव्हतं, नुसती मेंढरं. त्यानं हात उन्हात धरून बेचकी बघितली, मनगट बघितलं, अंगठ्याच्या मुळाशी एक जुना डाग होता तो नखानं घासून बघितला. घाई केली नाही. हात सोडले आणि घोंगडी अर्धी माझ्याकडं सरकवली.

मी बसलो नाही. का ते माहीत नाही, पण हात आपोआप गेला. घोंगडीचं टोक उचललं, उलटून खालची बाजू बघितली, काठ बघितला.

मंग लक्षात आलं मी काय करून राह्यलोय, आणि मान वर करायची हिंमत होईना.

बिरू हसत होता.

“बघा, बराबर बघा,” तो म्हणाला. “बघूनच बसावं माणसानं.”